तिथीची पाऊणपट

मयेकर बाई आणि मी चार वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना शिकवत होतो. माझी तिसरी, त्यांची चौथी. भिंतीत एक दार होतं आणि त्या दाराला कडी नव्हती. असती तर मी ती पहिल्याच आठवड्यात लावून घेतली असती. मला त्या आवडत नव्हत्या आणि त्यांना मी आवडत नव्हते, हे दोघींनीही कधी लपवलं नाही. आता त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे म्हणून जुनं काही गोड करून सांगणार नाही.

सोलापूर शहर संपतं आणि वीटभट्ट्या सुरू होतात, तिथं आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. चार खोल्या, एक व्हरांडा, पटांगणात दोन कडुनिंब. मयेकर बाई तिथं वेंगुर्ल्याकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावातून बदलून आल्या. नवरा इथं रेल्वेत, म्हणून. घर मासेमारीचं. वडील, भाऊ, काका सगळे समुद्रावर जाणारे. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, मनगटं पुरुषासारखी जाड. हातात बारा महिने काळी छत्री. आवाज असा की त्या दोन वाक्यं बोलल्या तरी भांडण चाललंय असं वाटे. बहुतेक वेळा चाललेलंच असे.

आल्या दिवसापासून त्यांचा सोलापूरवर राग. उन्हावर राग, नळाच्या पाण्यावर राग, कडक भाकरीवर राग. "आमच्याकडे वारा आला की तो कुठून आला, उद्या काय करणार, सगळं कळतं," असं त्या स्टाफरूममध्ये म्हणत. "तुमचा वारा नुसती धूळ आणतो." आम्ही सगळे इथलेच. माझं माहेर मंगळवेढ्याचं, सासर जुळे सोलापुरातलं. आमच्या वाऱ्यालाही नावं ठेवणारी बाई आम्हाला काय आवडणार?

पण वैर धरावं असं जे घडलं ते एका तक्त्यावरून.

चौथीच्या वर्गात मी स्वतः रंगवलेला एक तक्ता होता, 'आपला समुद्र'. निळं पाणी, देवमासा, खडकावर तारामासा आणि मधोमध शिडाची होडी. सुट्टीतले पाच दिवस घालवून केला होता. तालुक्याच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं होतं. मयेकर बाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं विचारलं, "ह्यां काय आसा? कोणी काढलं?"

मी दारातून म्हटलं, "मी."

"शीड ह्या बाजूला फुगलंय. वरचा झेंडा त्या बाजूला फडकतोय. वारा काय दोन्हीकडून येतो?"

मुलं हसली. त्यांची हसली, माझीही हसली.

"तुम्ही समुद्र पाहिलाय?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलेला नव्हता. अठरा वर्षं मी मुलांना समुद्र शिकवत होते आणि उजनीच्या पलीकडे मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी तक्त्याचे चारही खिळे उपटले, गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. "खोटं शिकवू नका," म्हणाल्या. "पाण्याच्या बाबतीत तर नकोच. माणसं मरतात."

मीही गप्प बसणारी नव्हते. त्यांच्या डब्यात आठवड्यातून दोनदा सुकी मासळी असे. डबा उघडला की स्टाफरूमभर वास. मी हेडसर गायकवाडांकडे तक्रार केली आणि दोन शिक्षकांच्या सह्याही घेतल्या. गायकवाड सर भिडस्त. त्यांनी चार दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी सांगितलं, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसून जेवाल का?" मयेकर बाई डबा उचलून उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पटांगणात मुलांच्या खिचडीच्या पंगतीत बसून जेवू लागल्या. पुन्हा कधी स्टाफरूममध्ये जेवल्या नाहीत. मला वाटलं, मी जिंकले.

त्यांच्या वर्गातला आवाज दारातून मला ऐकू यायचा. आपलं शिकवून झालं की मी वही तपासायचं निमित्त करून ऐकत बसे. समुद्र हा चौथीत एका पाठापुरता, फार तर दोन पाठांचा विषय. मयेकर बाईंनी तो वर्षभर पुरवला. त्यांच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचाराच्या जागी भरतीची वेळ लिहिलेली असे. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुलांनी तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. किनाऱ्यावरची माणसं पिढ्यानपिढ्या असाच हिशोब करतात. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून सुरुवात.

"बाई, आपल्याकडं समुद्रच न्हाय, मग भरती कुटं येती?" एका मुलानं विचारलं होतं.

"माझ्या गावात येते," बाई म्हणाल्या. "माझा भाऊ आत्ता होडी लोटत असेल. तुझं उत्तर चुकलं तर त्याची होडी चिखलात रुतेल. कर परत."

मुलगा घाबरला आणि त्यानं परत केलं. त्या वर्गातली मुलं त्यांच्या भावाला कधी भेटली नव्हती, पण त्याची होडी रुतू नये म्हणून पाऊणकी पाठ करत होती.

त्या मायाळू वगैरे मुळीच नव्हत्या. चुकलं की "गप रव!" म्हणून ओरडत. शाबासकी देताना त्यांना मी पाहिलं नाही. नारळी पौर्णिमेला मुलांनी हौसेनं कागदी होड्या करून आणल्या, तर एकेक उचलून "ही बुडाली, ही बुडाली, ही तर निघायच्या आधीच बुडाली," असं सांगत गेल्या. एका मुलीला रडू फुटलं. मग तिला शेजारी बसवून होडीचा तळ कसा असतो, मधला कणा कुठून कुठं जातो, लाटेला आडवं का व्हायचं नसतं, हे तासभर समजावलं. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीनं चिंध्या आणि काटक्यांची होडी केली. ती हौदात तरंगली. बाई एवढंच म्हणाल्या, "हं."

तिसऱ्या वर्षी त्यांनी रापण केली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीनं ते समुद्रात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी धरून वाळूवर ओढायचं. आमच्या बऱ्याच मुलांचे आईबाप टॉवेलच्या कारखान्यांत कामाला. बाईंनी त्यांच्याकडून टाकाऊ सुताच्या पिशव्या मागवल्या आणि महिनाभर कार्यानुभवाच्या तासाला चौथीनं जाळं विणलं. गाठ सैल बसली की बाई ती सोडवून मुलाच्या हातात परत देत. एका शनिवारी पटांगणात रापण लागली. पहिलीची पोरं मासे झाली, चौथीच्या दोन रांगा दोर ओढू लागल्या आणि बाई मध्ये उभ्या राहून त्यांच्या गावची ओढायची आरोळी देऊ लागल्या. पलीकडच्या भट्टीवरचे मजूर काम थांबवून बघत राहिले.

माझी तिसरीही दारातून पळाली. बघता बघता सगळी दोराला लागली.

मी व्हरांड्यातून हाक मारली, "तिसरी! वर्गात!"

"बाई, थांबा की! आमाला बी वाटा मिळनार हाय!" माझी एक मुलगी ओरडली. रापणीचा नियमच तसा. जाळं कुणाचंही असो, दोरीला हात लावला त्याला वाटा.

मी सगळ्यांना आत आणलं आणि सतराचा पाढा लिहायला बसवलं. थोड्या वेळानं मयेकर बाई पदरात बोरं घेऊन दारात आल्या. "ह्यांचा वाटा."

"माझ्या वर्गात खायला देऊ नका," मी म्हटलं.

त्यांनी बोरं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि गेल्या. मुलं पाढा लिहीत होती आणि सगळ्यांची नजर कट्ट्यावर. मी त्यांना मधल्या सुट्टीपर्यंत हात लावू दिला नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

लाज वाटावी असं खरं काम मी त्याच्या पुढच्या वर्षी केलं.

चौथीत 'अन्न टिकवणे' असा पाठ असतो. मयेकर बाईंनी टेबलावर पापड, कुरडया, लोणचं, वाळवलेली गवार मांडली होती आणि शेवटी कागदात एक सुका बांगडा. मीठ लावून मासळी कशी वाळवतात, पावसाळ्यात होड्या बंद असताना किनाऱ्यावरची घरं तिच्यावर कशी निभावतात, हे त्या सांगत होत्या. दार उघडंच होतं. मी सगळं पाहत होते. वर्गात शिवलीला नावाची मुलगी होती. तिच्या घरात अंडंही चालत नाही. बाईंनी तिला नाव घेऊन सांगितलं, "शिवलीला, तुमच्याकडे चालत नाही. तू लांबूनच बघ. हात लावू नकोस." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मग बाई फळ्याकडे वळल्या आणि शिवलीलेनं हळूच उठून बांगडा उचलला, उलटा करून पाहिला, नाकाशी नेला आणि ठेवून दिला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप मल्लिनाथ शाळेत आला. टमटम चालवणारा तापट माणूस. पोरीच्या हाताला वास आला म्हणून तिच्या आजीनं घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानं व्हरांड्यातच आवाज चढवला. "आमच्या घरात अंडं बी चालत न्हाय! आन् तुमी माझ्या पोरीच्या हातात मासा दिलाव? चारलाव बी असंल! कोन म्हनून शिकवाया ठेवलंय ह्यास्नी?" मागं चार माणसं, एकाच्या हातात मोबाईल, चित्रण चालू. शिवलीला बापाच्या मागं उभी, नजर जमिनीवर. बाप बोलताना मुठी वळत होता.

दुपारी केंद्रप्रमुख आले. हेडसरांच्या खोलीत आम्हा दोघींना बोलावलं. मयेकर बाईंना विचारलं, "तुम्ही मुलीच्या हातात मासा दिला?"

बाईंनी खिडकीतून पटांगणाकडे पाहिलं. मल्लिनाथ मुलीचं बखोट धरून कडुनिंबाखाली उभा होता.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून झालं."

केंद्रप्रमुख माझ्याकडे वळले. "तुम्ही शेजारच्या वर्गात होतात. तुम्ही काय पाहिलंत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. बाईंनी तिला आधीच बजावलं होतं, एवढंच. मुलीनं स्वतः उचलला हे सांगायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "माझं लक्ष फळ्याकडे होतं, सर."

मयेकर बाईंना लेखी ताकीद मिळाली. चौथी काढून घेऊन त्यांना पहिली दिली आणि चौथी माझ्याकडे आली.

चौथीच्या मुलांनी मला आत घेतलंच नाही. म्हणजे बसायची, उठायची, विचारलं तेवढं सांगायची. मी पहिल्या दिवशी फळ्यावर सुविचार लिहिला. दुसऱ्या दिवशी आले तर तो पुसलेला आणि त्या जागी वाकड्या अक्षरात भरतीची वेळ. कुणी लिहिलं विचारलं, तर बत्तीस तोंडं बंद. तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवसापासून मी पुसायचं सोडलं.

महिन्याभरात विस्तार अधिकारी तपासणीला आले. जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांत मुलं अपूर्णांकात अडकतात, म्हणून ते तेच विचारत. "बाराची पाऊणपट किती?"

"नऊ!" अख्खा वर्ग.

"पाचाची?"

"पावणेचार!"

"अकराची?" त्यांना वाटलं आता फसतील.

"सव्वाआठ!"

अधिकारी बघतच राहिले. "हे कसं काय येतं तुम्हाला?"

शिवलीला उभी राहिली. "सर, एकादशीला सव्वाआठला भरती असती की."

त्यांना काही उमगलं नाही, पण खूश झाले. "मॅडम, पाऊणकी हल्ली कुणी शिकवत नाही. उत्तम." शेरेबुकात तसं लिहिलं, माझ्या नावानिशी. बत्तीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "थँक यू, सर."

ते गेल्यावर मी वळले, तर दारात मयेकर बाई. पहिलीचं एक रडणारं पोर त्यांच्या कडेवर.

"ओहोटीचं नाही विचारलं ना? बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोरांना ते नीट येतं. तुम्हाला आलं नसतं."

त्या दिवसापासून आठवडाभर मी शब्द जुळवत होते. शाळा सुटल्यावर त्या नळावर हात धूत असताना जवळ गेले आणि सांगून टाकलं. "बाई, त्या दिवशी मी सगळं पाहिलं होतं. तुम्ही तिला नको म्हणालात तेही ऐकलं होतं. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला."

"मी केंद्रप्रमुखांना आता लेखी देते."

"कशाला?" त्यांनी हात झटकले. पाण्याचे थेंब माझ्या साडीवर उडाले. "तुमचा जीव हलका व्हायला? आणि त्या पोरीला बापाचा मार? काही देऊ नका."

"पण तुमच्यावर अन्याय..."

"तो झाला. तुम्ही केलात. आता तो तुमच्याकडे राहू दे." त्यांनी छत्री उघडली. "आणि खरं सांगू? तेव्हा बोलला असतात, तर मला तुमचे आभार मानायला लागले असते. ते मला जमलं नसतं."

मी लेखी दिलं नाही. त्यांनी नको म्हटलं म्हणून, की ते मला सोयीचं होतं म्हणून, हे अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या नवऱ्यानं रेल्वेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बाईंची सिंधुदुर्गात परत बदली झाली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. हेडसरांनी तरी नारळ आणि शाल आणली. शाल घेतली नाही, नारळ घेतला. उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "जुना आहे."

त्यांच्या जाण्याच्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. मी चौथीची हजेरी घ्यायला गेले तर वर्गात सहा मुलं. बाकीची कुठं आहेत विचारलं, तर सहाही जणांनी खाली बघितलं. शेवटी एक बोलला, "बाई, एसटी स्टँडावर गेल्यात सगळी. आमी टमटममधी बसलो न्हाय, जागा नव्हती."

सव्वीस मुलं शाळेच्या वेळेत, शहरातल्या गर्दीत, माझ्या हजेरीवरची. मी स्कूटी काढली आणि निघाले.

स्टँडच्या दाराशी मल्लिनाथची टमटम उभी होती. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मला बघून खाली उतरला. "म्या आनलीया पोरं. दोन खेपा केल्या. माघारी बी सोडतो, काळजी करू नका."

"तुम्ही?" मी म्हटलं.

"पोरीनं सांगितलं मला खरं काय ते. लई दिवसांनी सांगितलं." तो नजर चुकवत होता. "म्या माफी मागाया घरी गेलतो बाईंच्या. तर दारातच उभं केलं. म्हनल्या, पोरीला मारलं न्हाईस न्हवं? म्या म्हनलं, न्हाय. म्हनल्या, मग जा."

आत फलाटावर सावंतवाडीकडे जाणारी गाडी लागली होती. मयेकर बाई खिडकीशी बसल्या होत्या, पलीकडे नवरा, मांडीवर पिशवी. खाली सव्वीस मुलं एकमेकांना ढकलत खिडकीला हात पुरवायचा प्रयत्न करत होती आणि बाई त्यांच्यावर ओरडत होत्या. आजूबाजूचे प्रवासी बघत होते.

"कोणी सांगितलं होतं यायला? शाळा कोण करणार, माझा बाप? टायरजवळून मागे व्हा! मागे! शिवलीला, त्या लहान्याचा हात धर. चप्पल कुठे तुझी? ऊन केवढं आहे, डोकी रुमालानं बांधा. रडायचं नाही. कोण रडतो तो? गप रव!"

तो गप्प झाला नाही. मग सगळीच रडू लागली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हाताला लागेल त्या डोक्यावर टपली मारत राहिल्या. टपली मारता मारता हात एका डोक्यावर थांबला आणि तिथंच राहिला.

मी फळांच्या गाड्यामागं उभी होते. पुढं व्हावं असं वाटत होतं, तरी झाले नाही. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागं सरकली तशी मुलं बाजूला झाली आणि मधली जागा मोकळी झाली. बाईंनी मला पाहिलं. मी हात वर केला.

त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन. मग खिडकीची काच ओढली. ती मधेच अडकली. त्यांनी मुठीनं एकदा मारलं, दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्या फटक्याला काच सरकली आणि बंद झाली.